जमा आणि नावे

अमेरिकेतील जुनी घराणी पूर्वजांचा शोध घेऊ लागतात, तेव्हा त्यांचा हात प्रथम घरातील बायबलकडे जातो. कारण त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदविण्याची प्रथा तेथे होती. त्यानंतर चर्चची नोंदवही आणि थडग्यांवरील अक्षरे पाहिली जातात. परंतु शोध सतराव्या शतकात पोहोचला की हे आधार बहुधा तुटतात. मग उरते ते काउंटीच्या, म्हणजे तेथील परगण्याच्या, न्यायालयाचे दप्तर.

त्या काळी हे न्यायालय केवळ तंटे सोडवीत नसे. जमिनीची खरेदीविक्री, कर्जाची कबुली, मृत्युपत्रे, पोरक्या मुलांचे पालकत्व, जनावरांच्या खुणा, कराची माफी हे सारे तेथेच लिहिले जाई. म्हणून ज्यांना सही करता येत नव्हती, अशा माणसांची आयुष्येही त्या पानांत सापडतात. व्हर्जिनियातील अनेक काउंट्यांची दप्तरे आगीत आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात नष्ट झाली. चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्थॅम्प्टन काउंटीचे दप्तर मात्र १६३२ पासून सलग टिकून आहे. एका माणसाचे सबंध आयुष्य त्यातून कसे उभे राहते, याचे उदाहरण म्हणून अँथनी जॉन्सनकडे पाहता येते.

त्याची पहिली नोंद ‘अँटोनिओ, एक निग्रो’ एवढीच आहे. १६२१ मध्ये ‘जेम्स’ नावाच्या जहाजातून तो व्हर्जिनियात आणला गेला. पुढच्याच वर्षी तेथील मूळ रहिवाशांनी वसाहतींवर केलेल्या हल्ल्यातून तो वाचला. त्याच वर्षी आलेल्या मेरी नावाच्या आफ्रिकी स्त्रीशी त्याचा संसार जुळला. कालांतराने दोघे मुक्त झाले. १६४५ च्या एका नोंदीत मक्याच्या शेताची वाटणी झाल्याचा प्रसंग आहे. आता आपली जमीन आपल्याला ठाऊक आहे, मनाला येईल तेव्हा काम करू आणि मनाला येईल तेव्हा खेळू, असे समाधानाचे उद्गार त्यात अँथनी नावाच्या निग्रोच्या तोंडी आहेत. अभ्यासक तो माणूस जॉन्सनच असल्याचे मानतात. १६५१ मध्ये त्याला २५० एकर जमीन मिळाली. वसाहतीत माणूस आणणाऱ्यास दरडोई ५० एकर देण्याची तेव्हा पद्धत होती, आणि त्याने पाच माणसांचा हक्क दाखविला होता.

१६५३ मध्ये आगीने त्याचे मोठे नुकसान केले. न्यायालयाने या दांपत्याचे कष्ट आणि तीस वर्षांहून अधिक काळाचे वास्तव्य लक्षात घेऊन मेरीस व तिच्या दोन मुलींना आजन्म करमाफी दिली. गोऱ्या स्त्रियांवर नसलेला हा कर काळ्या स्त्रियांवर लादला जात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निकालाचे मोल कळते.

वंशजाने येथेच दप्तर मिटले, तर हाती एक उज्ज्वल कथा राहील. पण पुढच्या पानांवर जॉन केसर हा आफ्रिकी मजूर न्याय मागत उभा आहे. आपण ठराविक मुदतीच्या करारावर आलो होतो आणि मुदत संपून सात वर्षे लोटली तरी जॉन्सन आपल्याला सोडत नाही, अशी त्याची तक्रार होती. करार आपण कधी पाहिलाच नाही, केसर आजन्म आपला आहे, असे जॉन्सनचे म्हणणे होते. पत्नी व मुलांनी समजावल्यावर त्याने केसरला मोकळे केले. केसर रॉबर्ट पार्कर या शेजाऱ्याकडे राहू लागला. मग जॉन्सनचे मन फिरले आणि त्याने फिर्याद केली. ८ मार्च १६५५ रोजी न्यायालयाने केसरला जॉन्सनकडे परत पाठविण्याचा आणि पार्करने खर्च भरण्याचा हुकूम दिला. मूळ कागदावर हे वर्ष १६५४ असे दिसते. कारण १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. हे ठाऊक नसलेला शोधक घटनांचा क्रम चुकवून बसतो.

१६६५ च्या सुमारास हे कुटुंब मेरीलँडमध्ये गेले आणि ३०० एकर जमीन भाडेपट्ट्याने कसू लागले. १६७० मध्ये जॉन्सन वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियातील पंचांनी ठरविले, की तो निग्रो असल्याने परकीय होता; म्हणून त्याने मागे ठेवलेली जमीन राजाकडे जमा व्हावी. ज्या न्यायव्यवस्थेने त्याला दुसऱ्याच्या आयुष्यावर मालकी दिली, तिनेच त्याच्या मुलाच्या पदरातील ५० एकर काढून घेतले. त्याच्या नातवाने १६७७ मध्ये ४४ एकर जमीन विकत घेऊन तिला ‘अंगोला’ हे नाव दिले. अठराव्या शतकाच्या आरंभी हे घराणे दप्तरातून दिसेनासे होते.

पेढीच्या जुन्या वह्या चाळणाऱ्यांना हे नवे वाटू नये. जमेची बाजू तेवढी उतरवून घेतली आणि नावेची गाळली, तर मेळ बसत नाही. जॉन्सनच्या खात्यात जमेस कष्ट आहेत, जिद्द आहे, बायकामुलींसाठी मिळविलेली करमाफी आहे. नावे जॉन केसरची वर्षे आहेत. त्या वर्षांची परतफेड झाल्याची नोंद त्या निकालात नाही. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने ती बाकी तशीच पुढच्या पानावर ओढली, तरच त्याने पूर्वज जसा होता तसा पुढच्या पिढीच्या हाती दिला, असे म्हणता येईल.