गाडीचा सातबारा

कापसाचा दुसरा वेचा घरात आला, की यवतमाळकडच्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळाभर बोंडअळीचे आणि तुरीच्या मरीचे विचारणारे आता मोटारपंपाचे, लग्नाचे आणि अलीकडे जुन्या गाडीचे विचारू लागतात. आर्णी तालुक्यातील एक गृहस्थ लिहितात : मुलगा बावीस वर्षांचा, लायसन नुकतेच मिळाले आहे. घरात म्हातारी आई, तिला महिन्यातून दोनदा यवतमाळला दवाखान्यात न्यावे लागते. मुलाने एक जुनी बोलेरो पसंत केली आहे. मालक म्हणतो, दोन दिवसांत पैसे द्या, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. घ्यावी का?

दोन दिवसांची अट असेल तर घेऊ नये. वर्षाच्या कापसाचा पैसा दोन दिवसांत देण्यासारखी गाडी अजून निघालेली नाही.

तुम्ही बाजारात बैल घेता तेव्हा काय करता? दात पाहता, चालवून पाहता, जमल्यास वखराला जुंपून पाहता, आणि हळूच शेजाऱ्याला खोड विचारता. गाडीचेही तसेच. दाताच्या जागी टायर पाहा. टायरच्या कडेला चार आकडी छाप असतो. ‘३२२१’ असेल तर तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. आता समजा गाडी २०१८ ची आहे, मीटर पंचवीस हजार किलोमीटर दाखवतो, आणि चारही टायर २०२३ चे आहेत. मग पहिले टायर इतक्यात कसे झिजले, ते मालकाला विचारा. ब्रेकच्या पायडलचे रबर गुळगुळीत झाले असेल तर उत्तर तुम्हालाच मिळाले. मीटर मागे फिरवता येतो, झिजलेले रबर सहसा कोणी बदलत नाही.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून पाहा. इंजिन गरम लागले तर चहा घेऊन परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन एका चावीत सुरू व्हायला हवे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आत जात असावे. ऑइलचे झाकण उघडून आतली बाजू पाहा. तेथे ताकासारखा फेस दिसला तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. मिस्त्री मात्र तुमचा न्या, मालकाने सुचवलेला नको. त्याची दिवसाची मजुरी देताना हात आखडू नका.

चालवून पाहण्यासाठी पुष्कळजण गाडी नागपूर-तुळजापूर महामार्गावर नेतात. त्या गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच वाटते. तुमच्या पांदणीने न्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. पुढच्या चाकातून टकटक आली तर एक्सलचा खर्च धरून चला.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात विसरू नये. २२ जुलै २०२३ ला यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात पुराचे पाणी घरांत शिरले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्याही पुढे धुऊन-पुसून विक्रीला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या भागावर गाळाची रेघ दिसते. पायाखालचे मॅटिंग उचलून वास घ्या.

आता कागद. वावर घेताना सातबारा पाहिल्याशिवाय तुम्ही इसार देत नाही. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. तिच्यावरही बोजा असतो. माझ्या धाकट्या भावाने १९९६ साली एक जीप शंभराच्या स्टॅम्पपेपरवर घेतली. फेरफार नंतर करू म्हणाला. आठ महिन्यांनी एका पतसंस्थेची माणसे आली आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर जीप घेऊन गेली. पहिल्या मालकाचे हप्ते थकले होते. पैसे गेले ते गेलेच, पण भाऊ त्या बाजाराला पुन्हा दोन वर्षे गेला नाही.

तेव्हा आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच पूर्ण रक्कम द्या. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. मालक टाळाटाळ करू लागला तर त्याला सांगा, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरवले आहे की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचे नाव त्याची. मग तोच घाईने आरटीओत येईल! गाडी आदिलाबादकडची, म्हणजे तेलंगणाच्या नंबरची असेल तर तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो आणि आपल्याकडचा कर नव्याने भरावा लागतो. ती स्वस्त दिसते ती यामुळेच. विम्याची पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती वाढवण्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले, पर्यावरण कर वेगळा. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त म्हणून घेऊ नका.

बोलेरोबद्दल माझे मत विचाराल तर गाडी दणकट आहे, खेड्यात तिचे सामान मिळते आणि मिस्त्रीही मिळतो. पण ती पूर्वी काळी-पिवळी म्हणून धावली होती का, हे आरसीच्या जुन्या नोंदीत पाहा. शिवाय हात नुकताच बसलेल्या मुलाला लहान पेट्रोल गाडी बरी. शक्यतो जुलै २०१९ नंतर बनलेली पाहा, कारण तेव्हापासून चालकाच्या बाजूला एअरबॅग सक्तीची झाली. किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवा. ऑइल, बॅटरी आणि पट्टे पहिल्याच महिन्यात मागतात.

तुमच्या पत्रात एका माणसाचे मत मात्र दिसले नाही. गाडी ज्यांच्यासाठी घ्यायची त्या आईंना कोणी विचारले का? बोलेरोची पायरी उंच. दुखऱ्या गुडघ्यांनी महिन्यातून दोनदा तिच्यावर चढायचे आहे. येत्या रविवारी आईंना सोबत न्या, गाडीत बसवा, उतरवा, पुन्हा बसवा. त्या काय म्हणाल्या, आणि आरसीवर बोजाच्या रकान्यात काय लिहिले आहे, दोन्ही मला कळवा. तोवर इसार देऊ नका.