कापणीआधीचा आठवडा : भोपळा ताटात आणि हातातही

दसरा सरला, की रेवसपासून धरमतरच्या खाडीकाठाने पसरलेल्या खारेपाटात हळव्या भाताला विळा लागतो. त्यामागून निमगरवे आणि मग गरवे. नेमक्या याच सुमारास परसातल्या लाल भोपळ्याचे देठ वाळू लागतात आणि कुडावर, मांडवावर, कुठे गोठ्याच्या कौलांवर तयार भोपळे दिसू लागतात. म्हणजे बाईच्या कमरेची वर्षातली मोठी परीक्षा आणि घरचे सर्वांत स्वस्त फळ, ही दोन्ही एकाच वेळी दारात येतात. या आठवड्यात या दोहोंची सांगड घालू या.

भगिनींनो, "दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला?" असा प्रश्न तुमच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. लावणी, बेणणी, कापणी या सर्व कामांत शरीर एकाच बाजूला, पुढे वाकलेले राहते. पूर्वी जात्यावर दळण होते, उखळात कांडण होते, विहिरीवरून पाणी ओढणे होते. त्यात हात, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांना ताण मिळे. गिरणी, मिक्सर आणि नळ आले, ते कष्ट सुटले, हे फार चांगले झाले. ते परत आणावेत असे कोणी म्हणणार नाही. पण ओढण्याची, ढकलण्याची कामे गेली आणि वाकण्याचे तेवढे उरले. शिवाय भात पोटरीवर येऊन पिकेपर्यंत शेतात हात जरा मोकळा असतो. मग एके दिवशी एकदम दिवसभर वाकायचे, संध्याकाळी भारे उचलायचे. शरीराला ते झेपत नाही आणि पाठ धरते.

ताकद वाढते ती ओझे थोडेथोडे वाढवल्याने. प्राचीन ग्रीक लोकांत अडीच हजार वर्षांपूर्वी मायलो नावाचा पहिलवान होऊन गेला. तो एक वासरू रोज उचलून चाले. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकदही वाढत गेली आणि शेवटी तो बैल उचलू लागला, अशी आख्यायिका आहे. गोष्ट वाढवून सांगितलेली असेल, पण तत्त्व खरे आहे. आणि याला वयाची आडकाठी नाही. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांचा वजनी व्यायाम देण्यात आला. आठ आठवड्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. जागतिक आरोग्य संघटनेचाही २०२० चा सल्ला आहे, की प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने विरळ होतात, तेव्हा तर याची गरज अधिकच.

आपल्याला हे नवे नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार शाळाशाळांतून केला. आणि मंगळागौरीची बसफुगडी म्हणजे उकिडवे बसून पायांना दिलेला चांगलाच व्यायाम. फक्त तो वर्षातून एका रात्रीपुरता उरला आहे.

आता ताटाकडे वळू. लाल भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. डोळ्यांना व त्वचेला उपयोगी असे केशरी जीवनसत्त्व त्यात भरपूर. पण प्रथिने शंभर ग्रॅममागे जेमतेम एक ग्रॅम. तेव्हा नुसत्या भोपळ्याने अंगात बळ येत नाही. बळ येते ते भोपळ्याबरोबर काय शिजवले त्याने. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. भोपळ्याच्या बियांच्या गरात मात्र शंभर ग्रॅमला तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि त्या आपण उकिरड्यावर टाकतो! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते खाणारी बाई या आकड्यात नसेल तर कोण असेल?

<b>सोमवार : उठबस आणि वाक</b>

सुमारे तीन किलोचा भोपळा निवडा. ताणकाट्यावर तोलून पाहा. चिरण्याआधी त्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे.

पहिला प्रकार, उठबस. गुडघ्याइतक्या उंचीच्या स्टुलावर बसा. भोपळा छातीशी धरा. पाय खांद्यांइतके फाकवून, हाताचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. असे आठ वेळा. थोडी विश्रांती, पुन्हा आठ. एकंदर तीन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर आसन उंच घ्या आणि भोपळा बाजूला ठेवा.

दुसरा प्रकार, कमरेतून वाक. हा नीट शिकून घ्या, कारण कापणीत हाच कामाला येतो. एक काठी पाठीवर उभी धरा. डोके, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेले हवे. आता गुडघे किंचित वाकवून कुल्ले मागे ढकलत पुढे झुका. काठी कुठेही सुटता कामा नये. हे जमले की काठी ठेवून भोपळा स्टुलावरून आणि पुढे जमिनीवरून असाच उचला, अंगाजवळ धरून. उठताना श्वास सोडा, कोंडून धरू नका.

दुपारच्या जेवणाला भोपळा व डाळिंब्यांची भाजी. एक वाटी कडवे वाल आदल्या दिवशी मोड आणून, कोमट पाण्यात घालून सोलून घ्यावेत. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद यांची फोडणी करून डाळिंब्या घालाव्यात, गरम पाण्याचा हबका देऊन झाकण ठेवावे. अर्धवट शिजल्या की अर्धा किलो भोपळ्याच्या सालीसकट फोडी, तिखट, मीठ, दोन आमसुले आणि सुपारीएवढा गूळ घालावा. फोडी मोडेपर्यंत शिजवू नयेत. वरून ओले खोबरे व कोथिंबीर.

काही घरांत अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, बाईने नाही, अशी रीत आहे. जी बाई तो भोपळा चोवीस वेळा उचलते, तिने तो चिरायलाही हरकत नसावी. निदान घरात हा विषय निघू द्या.

<b>मंगळवार : विश्रांती</b>

आज मांड्या दुखतील. हे दुखणे एक-दोन दिवसांत जाते. स्नायू विश्रांतीतच भरतो, म्हणून मध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा.

आज भरीत. भोपळ्याच्या फोडी वाफवून, साल काढून कुस्करा. गार झाल्यावर वाटीभर दही, दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, मीठ, चवीला साखर. वरून तुपात जिरे व हिरव्या मिरचीची फोडणी.

चिरलेला भोपळा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. तोही बिया व गाभा काढून ठेवला तरच. फ्रिज नसेल तर अर्धा शेजारी द्यावा. पुढच्या खेपेला तिच्याकडचा अर्धा तुमच्याकडे येईल.

<b>बुधवार : बियांची चटणी</b>

काढलेल्या बिया धुऊन दोन-तीन उन्हे द्याव्यात. मग मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून टरफले सोलावीत. वाटीभर गराला पाव वाटी भाजलेले सुके खोबरे, सात-आठ लसूणपाकळ्या, तीन-चार सुक्या मिरच्या व मीठ घेऊन खलबत्त्यात कुटावे. शेतावर भाकरीबरोबर न्यायला उत्तम. दोन मोठे चमचे चटणी म्हणजे जवळपास एका अंड्याची प्रथिने. सोलण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण संध्याकाळी मुलांना हाताशी घेतले तर सहज होते.

<b>गुरुवार : ओढ आणि जोर</b>

सोमवारचे दोन्ही प्रकार करा. भोपळा चिरला असेल तर वेलावरचा दुसरा घ्या. त्यांत आज दोन नवे.

ओढ : तेलाचा पाच लिटरचा मुठीचा डबा पाण्याने अर्धा भरा. डावा हात ओट्यावर टेकून, पाठ सरळ ठेवून वाका आणि उजव्या हाताने डबा कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढा. दहा वेळा, मग दुसरा हात. जात्याने आणि रहाटाने जे काम होई ते हेच. सोपे वाटू लागले की पाणी वाढवा. डबा भरला म्हणजे पाच किलो झाले.

भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर लांब उभे राहून तळवे भिंतीला टेका, अंग काठीसारखे ताठ ठेवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. जमले की भिंतीऐवजी ओटा, पुढे पायरी.

जेवणात भोपळ्याच्या फुलांची भजी करता येतील. आता उशिरा येणाऱ्या फुलांचे फळ पिकायचे नाही, तेव्हा खुशाल तोडावीत. आतला दांडा काढून, डाळीच्या पिठात बुडवून तळावीत.

<b>शुक्रवार : सुकट घालून भोपळा</b>

आपल्या किनाऱ्याला जवळ्याची सुकट ही गरिबाची कोठी आहे. वाळलेल्या जवळ्याचे निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते. मूठभर सुकट कोरडी भाजून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाळू काढावी. कांदा व ठेचलेला लसूण तेलात लाल करून हळद, तिखट, सुकट परतावी. मग भोपळ्याच्या बारीक फोडी, आमसूल आणि बेताचे मीठ. पाणी अगदी थोडे. तांदळाच्या भाकरीबरोबर फार चांगले लागते. मासळी न खाणाऱ्यांनी सुकटीऐवजी भिजवलेली हरभराडाळ घालावी.

जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्या. उलट, पानात लिंबाची फोड असेल तर लोह अधिक लागू पडते.

<b>शनिवार : दोन्ही हातांनी वाहणे</b>

चारही प्रकार करून पाचवा. एकसारख्या दोन बादल्या अर्ध्या भरून, एकेका हातात एक, अंगणात तीस पावले चाला. खांदे मागे, नजर समोर. एका कुशीवर कळशी घेण्याच्या सवयीने अंग एका बाजूला झुकते, त्याला हा उतारा आहे. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून सामान घेऊन उतरतानाही शक्य तेव्हा एका जड पिशवीच्या दोन कराव्यात.

आज भोपळा घालून तुरीची आमटी करावी, नेहमीपेक्षा डाळ जास्त घेऊन. स्वतःची वाटी आधी बाजूला काढून ठेवा.

<b>रविवार : घारगे</b>

दोन वाट्या भोपळ्याचा कीस एक वाटी गुळात शिजवून गार करावा. चिमूटभर मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन, वेलदोड्याची पूड आणि मावेल तेवढी कणीक व थोडे तांदळाचे पीठ घालून घट्ट मळावे. पाणी अजिबात घालू नये. जाडसर थापून मंद आचेवर तळावेत. तीन-चार दिवस टिकतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र एका घारग्यावर थांबावे.

<b>पुढे काय?</b>

पुढील आठवड्यापासून पाचही प्रकार, आठवड्यातून तीन दिवस. अर्ध्या तासात उरकतात. बारा वेळा, तीन फेऱ्या सहज होऊ लागल्या, की तीन किलोचा भोपळा सोडून चार किलोचा घ्या. शेवटच्या दोन खेपा जड वाटाव्यात, पण पाठीचा सरळपणा मोडू नये. ऐन कापणीत व्यायाम थांबवा, तेव्हा विश्रांतीच हवी. मळणी उरकली की पुन्हा सुरू करा.

गरोदरपण, नुकतेच बाळंतपण वा शस्त्रक्रिया, वाढलेला रक्तदाब, छातीत दुखणे किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंग बाहेर येण्याबद्दल बायका लाजून बोलत नाहीत आणि ओझी उचलत राहतात. त्यावर उपचार आहेत, ते लपवू नका. कमरेची कळ पायात उतरून मुंग्या येत असतील तरी व्यायाम थांबवून दाखवून घ्या.

कापणीला निघताना एवढे ध्यानात ठेवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा मिळाला तर वापरून पाहा. बांधाशी पोचलात की दर वेळी ताठ उभे राहून, कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवा. एक मोठा भारा बांधण्याऐवजी दोन लहान बांधा. खेप एक वाढेल, पण कंबर वाचेल.

राहिलेले भोपळे देठासकट, एकमेकांना न लागतील असे, कोरड्या हवेशीर जागी पेंढ्यावर ठेवावेत. चांगला पिकलेला भोपळा काही महिने टिकतो. तोवर लहान आधी खावा, मोठा व्यायामाला ठेवावा. शिमग्यापर्यंत घरातला सर्वांत मोठा भोपळा कोणाच्या मदतीवाचून उचलता आला, म्हणजे हा आठवडा कामी आला असे समजावे.