सुरतेचा कागदी पहारा

दिवाळीच्या सुटीत सुरतेस मामांकडे गेलो असता तापीकाठचा किल्ला पाहिला. सुरतेची लूट म्हटली की सर्वांना महाराजांचे शौर्य आठवते. वाणिज्य शाखेच्या मला आठवला तो सुभेदार इनायतखान. फौजेचा पगार तो उचलीत असे म्हणतात, शिपाई मात्र कागदावरच! जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले तेव्हा स्वारी याच किल्ल्यात दडून बसली. ज्याच्याकडून इंग्रज कंपनीही कर्ज काढी, त्या वीरजी व्होराचा वाडा लुटला गेला. त्याच्या वह्यांत पै-पैचा हिशेब असेल. पण पहाऱ्यावर माणसे किती, हे कोणी मोजले होते? म्हणून कोणत्याही कंपनीचा ताळेबंद हाती आला की नफ्याच्या आकड्याआधी मी लेखापरीक्षकांचा शेरा वाचतो. मित्र हसतात. हसोत बापडे!