सभेला कोण नव्हतं?

आज एका सभेबद्दल लिहिते आहे. सहावीला ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ हा पाठ शिकवणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. मी पाचवीला शिकवते, तरी मला ती चांगलीच लागू पडली.

फेब्रुवारीतली गोष्ट. महापालिकेच्या निवडणुका होऊन महिना झाला होता. आमच्या शाळेजवळच्या सोसायट्यांनी मिळून हॉलमध्ये रहिवाशांची सभा ठेवली होती. शाळेलाही निमंत्रण होतं. मुख्याध्यापक बाईंना दुसरी मिटिंग होती, म्हणून मी गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, चहा आणि बिस्किटं. साठ-सत्तर माणसं असतील. एकेकानं उठून प्रश्न मांडले. दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, रुग्णवाहिका आत येत नाही. रात्री कुत्री भुंकतात. रस्ता खणून तीन महिने झाले. बागेतले दिवे बंद आहेत. सगळे खरे प्रश्न. त्या रस्त्यानं मीही रोज चालते, पावसात तर तिथे साडीची काय अवस्था होते ते विचारू नका.

मग विषय आला फेरीवाल्यांचा. शाळेच्या फाटकापासून नाक्यापर्यंत फुटपाथ अडवतात, हटवायलाच हवेत, असं एक काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बाई, तुम्हीच सांगा, मुलांना त्रास होतो की नाही?”

मी म्हटलं, “हो, शाळा सुटताना अडचण होते.”

तेवढंच बोलले. ते खोटं नव्हतं. इतिवृत्तात मात्र ते ‘शाळेचीही तक्रार आहे’ असं उतरलं. पुढच्या आठवड्यात अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिथेच टोपलीत भाजी घेऊन बसते. टोपली गेली, वजनकाटा गेला. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आई तिला सोडायला आली तेव्हा मी काहीतरी बोलायला लागले, तर तिनंच मला थांबवलं. “बाई, तुम्ही होतात ना त्या मिटिंगला? मग आम्हाला पण सांगायचं ना. आम्ही पण आलो असतो.”

तिनं आवाज चढवला नव्हता. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हतं. तिलाही सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अशा सभांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. उलट आपल्या उपनगरांना त्यांचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथेच घडलेली आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६-९७च्या सुमारास एकत्र येऊन ओला आणि सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली, गल्ली स्वच्छ ठेवली आणि महापालिकेला सोबत घेतलं. त्यातून ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना उभी राहिली, जिला आपण सगळे एएलएम म्हणतो. पुढे ती शहरभर गेली. आज अंधेरीत काय, बोरिवलीत काय, मुलुंडला काय, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी एएलएमचा फलक दिसतो. माणसं स्वतःचा वेळ घालून, पदरचे पैसे घालून हे काम करतात. निवृत्त झालेले काका-आजोबा वॉर्ड ऑफिसला चकरा मारतात म्हणून कितीतरी कामं होतात.

पण एएलएम गल्लीची असते. गल्लीतल्या इमारतींची असते. जिथे गेट, वॉचमन आणि नोटीस बोर्ड आहे तिथे सभेचा कागद लागतो. डोंगरउतारावरच्या चाळीत तो कोण लावणार? आणि त्या गल्लीत सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत बसणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, रिक्षा लावणारी माणसं त्या गल्लीत ‘राहत’ नाहीत, म्हणजे हिशेबात नाहीत.

आपल्या पालकांपैकी अनेकांचं गाव कोकणात किंवा घाटावर आहे. गावी त्यांचं नाव मतदार यादीत असेल तर ते ग्रामसभेचे सदस्य असतात. कुणी निमंत्रण द्यावं लागत नाही. वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. गावोगावी ही सभा कशी उरकतात, कोऱ्या रजिस्टरवर सह्या कशा घेतात, हेही आपण ऐकून आहोत. तरी पण तिथे उभं राहून ‘आमच्या वाडीला पाणी नाही’ म्हणायचा हक्क कागदावर आहे. तोच माणूस कुर्ला टर्मिनसला उतरला की तो हक्क गाडीतच राहतो.

शहरात काय आहे? ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तिच्यात प्रभाग समित्या आल्या. मुंबईत या समितीत नगरसेवक बसतात, आणि नागरिकांच्या संस्थांमधून मोजकी माणसं घेता येतात. मुंबईत २२७ नगरसेवक. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. मुलांना भागाकार घालायला सांगा, एका नगरसेवकामागे ५४ हजारांहून जास्त माणसं येतील. आणि त्यातही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून १५ जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. आज चौथीत असलेल्या मुलानं पहिलीपासून नगरसेवक हा शब्द फक्त पुस्तकात पाहिला होता! महाराष्ट्रात २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात आली, म्हणजे साधारण ग्रामसभेसारखीच, मतदारांची. माझ्या भागात ती भरलेली मी आजवर पाहिलेली नाही.

हा कागदोपत्री वाद नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं. शेकडो माणसं रोज त्याच्याखालून जात होती. त्यातल्या एखाद्या डिलिव्हरीवाल्या मुलाला ते पाहून शंका आली असती, तर त्यानं ती कुठल्या सभेत मांडायची होती?

असो. मी वर्गात काय केलं ते सांगते.

सभेनंतर मी मुलांना वहीचं एक पान दिलं. ‘तुमच्या गल्लीची सभा भरली आणि तुम्हाला एकच गोष्ट सांगायची परवानगी असेल, तर काय सांगाल?’ नाव लिहायचं नाही. पहिल्यांदा मुलांनी आपल्याला आवडेल तेच लिहिलं: झाडे लावा, स्वच्छता राखा. चूक आपलीच, निबंधांत आपण त्यांना हेच लिहायला लावतो. मी पानं परत दिली आणि म्हटलं, शाळेतलं नको, घरून शाळेत येईपर्यंतचं लिहा.

मग आलं ते वेगळंच होतं. पाणी पहाटे येतं आणि ताईला भरायला उठावं लागतं, ती मग वर्गात झोपते. संडासाच्या वाटेवर दिवा नाही. नाल्याची भिंत एका ठिकाणी तुटली आहे, चेंडू पडला की मोठी मुलं उतरतात. पावसात डोंगराची माती दारापर्यंत येते. एकानं लिहिलं होतं, ‘आमच्या वरच्या घराखालचा दगड हलतो.’ हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसं गेली, हे आपल्यापैकी जुन्या शिक्षकांना आठवत असेल. डोंगराला लागून राहणाऱ्या मुलाला दगड हलतो हे ठाऊक असतं. ते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कुत्री दोन्ही याद्यांत होती. हॉलमध्ये ती झोपमोड करत होती, मुलांच्या पानांवर ती रात्री संडासाला जाताना मागे लागत होती. प्रश्न एकच, पण एका यादीत उपाय ‘कुत्री हलवा’ निघेल आणि दुसऱ्या यादीत ‘वाटेवर दिवा लावा’. म्हणून मला वाटतं की सभेत कोण बसलंय यावर काय ठरणार हे अवलंबून असतं.

फेरीवाल्यांचंही तसंच. फुटपाथ मुलांना हवाच, यात मला शंका नाही. पहिलीची पोरं दप्तर घेऊन रस्त्यावरून, रिक्षांच्या मधून चालतात हे मला बघवत नाही. पण २०१४चा पथविक्रेता कायदा नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा पथविक्रेत्यांनाच देतो, त्यांतल्या एक तृतीयांश बायकांना, आणि त्याच समितीत रहिवाशांनाही बसवतो. म्हणजे ही दोघं एका टेबलाशी बसून जागा आणि वेळ ठरवतील, असं कायद्यानंच गृहीत धरलं आहे. मी त्या मुलीच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, “बाई, शाळा सुटायची अर्धा तास मी पलीकडे भिंतीला बसेन की. मला कोणी विचारलं का?” साधा उपाय. हॉलमधल्या साठ-सत्तर जणांना आणि मलाही तो सुचला नव्हता.

आता तुम्हाला एक सुचवते. मुंबईतल्या गरीब पालकाला कायद्यानं बोलावलेली, घराजवळची एक सभा आहे आणि ती आपल्या हातात आहे: शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपण तिथे काय करतो? गणवेश, शौचालय, पोषण आहार, सह्या, संपलं. शाळेच्या वाटेवरचे प्रश्न या सभेत घ्यायला काय हरकत आहे? वाटेवर दिवा नसेल, नाल्याची भिंत तुटली असेल तर त्याचा परिणाम हजेरीवरच होतो. ते इतिवृत्तात लिहावं, ठराव करावा, वॉर्ड ऑफिसला पत्र द्यावं आणि आवक क्रमांक घ्यावा. दगडासारख्या गोष्टीसाठी ठरावाची वाटही बघू नये, १९१६ला फोन करावा. मी केला, नोंद घेतली गेली.

माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं, की शाळेनं हे अंगावर कशाला घ्यायचं? जनगणना आपण, मतदार याद्या आपण, आता गटारंही आपण? त्यांचा राग मला कळतो. बीएलओचं काम करून मी पण थकलेली आहे. पण मी गटार दुरुस्त करायला सांगत नाहीये. पालक बोलतील ते लिहून घ्यायचं आणि पुढे पाठवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि काही पालक म्हणतील, शाळेत राजकारण नको. मान्य. नगरसेवकाचा फोटो नको, पक्षाचा झेंडा नको. तुटलेली भिंत कुठल्या पक्षाची नसते.

एक अडचण मात्र खरी आहे, वेळेची. आमची सभा सकाळी अकराला असायची. त्या वेळी निम्म्या आया कामावर. मार्चमध्ये आम्ही ती शनिवारी संध्याकाळी घेतली, तर एरवी चार जणी असतात तिथे अकरा जणी आल्या. भाजीवाल्या आईनं पलीकडच्या भिंतीची सूचना स्वतः मांडली, बसूनच, पदर सावरत. ती लिहून घेतली. पत्र दिलं आहे, उत्तर अजून नाही. तिची टोपली दंड भरून सुटली, वजनकाटा मिळाला नाही. सोसायटीच्या काकांनाही मी भेटले आणि इतिवृत्तातलं माझं वाक्य दुरुस्त करून घेतलं. ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले, “पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या.”

परवा पुढच्या सभेचा कागद त्यांच्या नोटीस बोर्डवर लागला. मी फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एका आईचा व्हॉइस मेसेज आला, “बाई, हा हॉल नक्की कुठेशी आहे? वॉचमन आत सोडेल ना?”