अवयव बदलला म्हणून खेळ संपत नाही



आंबेगाव तालुक्यातल्या पारगावहून एका बहिणीचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून डायलिसिस चालू आहे. मुलगा कबड्डी खेळणारा. आई स्वतःची किडनी द्यायला तयार आहे. पण घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "किडनी बसवलेला पोरगा जन्माचा अधू. ना उसात काम करील, ना मैदानात उतरेल. मग तू कशाला पोट फाडून घेतेस?" बहीण विचारतात, हे खरं आहे का? आणि आपल्या दीनमध्ये याची परवानगी आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका बाईच्या आयुष्यातून देते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या केली पर्किन्स यांना डोंगर चढण्याची भारी हौस. तो त्यांचा व्यवसाय नव्हता, आवड होती. ऐन तिशीत विषाणूच्या संसर्गाने त्यांच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवण्यात आलं. जेमतेम दहा महिन्यांनी त्या हाफ डोम नावाचा प्रचंड कडा चढल्या. त्याच्या शेवटच्या टप्प्यात लोखंडी दोर धरून वर जावं लागतं. पुढे जपानचा फुजी, आफ्रिकेतला ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो आणि युरोपातला ४,४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्नही त्यांनी सर केला. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हृदय बदलताना डॉक्टर रक्तवाहिन्या जोडतात, पण हृदयाकडे येणाऱ्या नसा तुटलेल्याच राहतात. आपण पळायला लागलो की मेंदूचा निरोप नसांतून जातो आणि छाती लगेच धडधडू लागते. बसवलेल्या हृदयाला हा निरोप मिळत नाही. रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोहोचेपर्यंत ते थांबतं, मग हळूहळू वेग घेतं. म्हणून अशा माणसाला चढणीला एकदम भिडता येत नाही. आधी सावकाश चालायचं, अंग तापवायचं, मग जोर लावायचा. थांबतानाही एकदम थांबायचं नाही. केली पर्किन्स यांना आपल्या नव्या हृदयाची ही चाल शिकून घ्यावी लागली. सब्र म्हणतात तो हाच.

त्या एकट्या नाहीत. १९७८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरात मॉरिस स्लॅपॅक या सर्जनने प्रत्यारोपण झालेल्यांच्या क्रीडा स्पर्धा सुरू केल्या. आता त्या साधारण दर दोन वर्षांनी जगात कुठे ना कुठे भरतात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला भरल्या होत्या. धावणं, पोहणं, सायकल, बॅडमिंटन, टेबल टेनिस, सगळं असतं. अवयव देणारेही त्यात उतरतात. भोपाळच्या अंकिता श्रीवास्तव यांनी २०१४ मध्ये आपल्या यकृताचा ७४ टक्के भाग अम्मीला दिला. आई काही महिन्यांतच गेली. पण २०१९ मध्ये न्यूकॅसलच्या स्पर्धेत याच मुलीने लांब उडी आणि चेंडूफेकीत सुवर्णपदकं मिळवली. तेव्हा अवयव घेणारा अधू होतो हे जसं खरं नाही, तसं देणारी अधू होते हेही खरं नाही. सर्व तपासण्या नीट झालेल्या निरोगी माणसाला एक किडनी पुरते.

मात्र पारगावच्या मुलाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवी किडनी पाठीकडे नाही, पुढे ओटीपोटात बसवतात. तिथे फासळ्यांचं कवच नसतं. म्हणून कबड्डी, कुस्तीसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ डॉक्टर शक्यतो टाळायला सांगतात. कबड्डी सुटेल, धावणं, बॅडमिंटन, शेतातलं झेपेल तेवढं काम डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा जमेल. परक्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून गोळ्या आयुष्यभर, वेळेवर घ्याव्या लागतात. रमजानमध्ये त्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावं, मग आलिमांना. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे.

आता दुसरा प्रश्न. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये अवयव प्रत्यारोपणाला अटींसह परवानगी दिली. देणाऱ्याच्या जिवाला धोका नसावा, त्याची राजीखुशी असावी आणि अवयवाची विक्री होऊ नये. आपल्या देशातल्या काही उलेमांचं मत वेगळं आहे, हेही खरं. त्यामुळे ज्यांच्या इल्मवर तुमचा भरोसा आहे त्यांना सगळी हकीगत सांगून विचारा. आपल्या देशाचा १९९४ चा कायदाही विक्रीला गुन्हा मानतो. आईवडील, नवराबायको, भाऊबहीण, मुलं, आजीआजोबा आणि नातवंडं यांना तो जवळचे नातेवाईक मानतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रुग्णालयात जरूर चौकशी करा. किडनी प्रत्यारोपण त्यात बसतं.

शेवटी एक गोष्ट, जी पत्रात नव्हती. २०१९ सालच्या आकडेवारीनुसार आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत सुमारे ८० टक्के स्त्रिया आहेत. आणि घेणाऱ्यांत सुमारे ८० टक्के पुरुष. म्हणजे आई देते, बायको देते, बहीण देते. पण तिच्यावर वेळ आली तर देणारं कुणी पुढे येत नाही, किंवा तिला दवाखान्यातच उशिरा नेलं जातं. पारगावच्या बहिणीने खुशीने द्यावं, अल्लाह तिच्या मुलाला शिफा देवो. पण त्याच घरात, त्याच दस्तरखानावर बसून सगळ्यांनी एकमेकांना विचारायला हवं: उद्या ही वेळ आपल्या मुलीवर आली, तर तपासणीच्या रांगेत पहिलं कोण उभं राहील? उत्तर आजच ठरवलेलं बरं.