उशाशी कोणती विजेरी?

परिचयातील एका आजींच्या उशाशी मुलाने आणलेली महागडी विजेरी होती. रात्री लघवीसाठी उठताना त्यांनी बटण दाबले, तो झोत लुकलुकू लागला. पुन्हा दाबले, तो डोळे दिपले. तिसऱ्यांदा दाबण्याआधीच तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले.

साठीनंतर डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. दिपलेले डोळे सावरायलाही अधिक वेळ लागतो. म्हणून उजेड पुरेसा, पण सौम्य आणि पहिल्याच दाबात मिळणारा हवा. एकच बटण, एकच प्रकाश, मनगटात अडकवायला दोरी. उठण्यापूर्वी मिनिटभर पलंगाच्या काठावर बसावे, झोत पावलांपुढे धरावा. विजेरी भेट देणाऱ्याने ती आधी स्वतः अंधारात लावून पाहावी.