पाहुणा कोणाला म्हणायचं?

मे महिना जवळ आला की नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांत एक ठरावीक चर्चा सुरू होते. कोकणात जायचं, पण हॉटेलात नको, 'घरगुती' पाहिजे. घरगुती म्हणजे नेमकं काय, असं खोदून विचारलं तर उत्तर येतं ते असं: स्वच्छ संडास, खोलीत एसी, चालत जाता येईल इतका जवळ समुद्र आणि ताटात ताजा मासा. घरातल्या माणसांचा उल्लेख या यादीत सहसा नसतो. ती असावीत की नसावीत याबद्दल तर मतभेदच असतात, आणि तरुण मंडळींचा कल अलीकडे 'नसलेली बरी' असा दिसतो. "मामा, मालक आजूबाजूला असले की मोकळं वाटत नाही हो," असं माझा पुण्याचा भाचा मला म्हणाला.

हा भाचा गेल्या वर्षी सपत्नीक क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला जाऊन आला. भूमध्य सागराच्या एका फाट्यावरचं हे तटबंदीचं जुनं शहर. तटाच्या आत त्यानं पाच दिवसांसाठी फ्लॅट भाड्यानं घेतला होता. दाराशी एक छोटी पेटी, तिचा आकडा फोनवर आलेला. तो जुळवला की किल्ली हातात. पाच दिवसांत मालकाचं तोंड दिसलं नाही. शेजारीही दिसले नाहीत. दगडी पायऱ्यांवरून खडखडत जाणाऱ्या चाकांच्या बॅगा तेवढ्या दिसल्या. भाच्याला ही व्यवस्था फार आवडली. मी विचारलं, "मग त्या गावातली माणसं राहतात कुठं?" हा प्रश्न त्याच्या मनात आलेलाच नव्हता. त्याचा दोष नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत तो लिहिलेला नसतो.

तिकडच्या गावांना मात्र तो आता छळू लागला आहे. व्हेनिसच्या बेटावरच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. याला कारणं अनेक आहेत, पण राहती घरं प्रवाशांसाठी मोकळी होत जाणं हे त्यांतलं मोठं कारण. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ च्या जून महिन्यात जाहीर केलं की, शहरातल्या प्रवासी फ्लॅटांचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, नवे द्यायचे नाहीत. ज्या शहरांनी प्रवाशांच्या पैशावर ऐश केली, त्यांनाच आता शेजाऱ्यांची गरज भासू लागली, हे गमतीचं आहे आणि थोडं भीतीचंही.

आपलं कोकण अजून त्या थराला गेलेलं नाही. मी हे ऐकीव बोलत नाही. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्या सुमारास बँकेनं माझी बदली त्या जिल्ह्यात केली होती. मालवण आणि आसपासच्या वाड्यांतून माणसं कर्ज मागायला येत. पूर्वी होडीला, जाळ्याला, फार तर आंब्याच्या कलमांना कर्ज मागणारी ही माणसं 'दोन खोल्या काढतंय' म्हणून येऊ लागली. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे सारवलेलं खळं, पडवी, माजघर. मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवायच्या आणि त्यांना संडास-न्हाणी जोडायची, एवढीच मागणी.

अंदाजपत्रक व्यवस्थित असे. घोडं अडे ते सातबाऱ्यावर. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आज्याचं नाव वर, त्याखाली दहा-बारा वारस. त्यांतले निम्मे लालबाग-परळला, काही डोंबिवलीला, एखादा कुठे आहे हेच कोणाला माहीत नाही. इतक्या सहहिस्सेदारांच्या सह्या आणणार कोण? गहाणखत होईना. मग जामीनदारांवर छोट्या रकमा देऊन आम्ही मार्ग काढत असू. पुढची गंमत त्याहून मोठी. जोवर घर गळत होतं तोवर मुंबईच्या चुलतभावांच्या लेखी ते 'तुझं घर' होतं. दोन खोल्यांना बाथरूम जोडली गेली आणि ते 'आपलं घर' झालं. कोकणातल्या भाऊबंदकीवर कादंबरी लिहायची तर मला कल्पनाशक्तीची गरज पडली नसती, कर्जाच्या फायली पुरल्या असत्या.

तरीही त्या दोन खोल्यांनी काय केलं ते सांगितलं पाहिजे. हिशेब साधा आहे. समजा खोलीला रात्रीचे पंधराशे रुपये आणि वर्षात ऐंशी रात्री खोल्या भरल्या, तर दोन खोल्यांचे दोन लाख चाळीस हजार झाले. वर्षात ऐंशीच रात्री का? कारण मे संपता संपता समुद्र खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि गणपतीपर्यंत गावात फक्त पाऊस असतो. त्या रकमेतून वीज, चादरी, बाईचा पगार, फोनवरून गिऱ्हाईक आणून देणाऱ्या कंपनीचं कमिशन वजा करा. निम्मे उरले तरी पुष्कळ. त्यात दर वर्षी कौलं शाकारता येतात, पावसानं धुपलेली भिंत वेळेवर सावरता येते, आणि मुख्य म्हणजे एक मुलगा मुंबईला न जाता गावात राहतो. एक मुलगा राहिला म्हणजे एक चूल राहते.

चूल राहिली की काय राहतं ते गणपतीत दिसतं. कोकणात त्या दिवसांत रोज रात्री भजनाची मंडळी घरोघर फिरतात; मृदंग, झांजा, अभंग, मग गजर, मग चहा आणि उसळ, की निघाले पुढच्या घरी. याला पुढचं घर उघडं असावं लागतं. आज मालवणच्या आसपास मुंबई-पुण्याच्या, आणि हो, नाशिकच्याही लोकांनी घेतलेले फ्लॅट उभे आहेत. वर्षातले दहा महिने कुलूप, उरलेल्या दिवसांत आज हे बिऱ्हाड, उद्या ते. बांधकाम चांगलं असतं, गॅलरीतून समुद्रही दिसतो. पण भजनाची मंडळी त्या जिन्यापाशी थांबत नाहीत. थांबून उपयोग नसतो.

मालवण हे नुसतं किनाऱ्यावरचं गाव नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला. तटाच्या आत आजही काही कुटुंबांची घरं आहेत, शिवराजेश्वराच्या मंदिरात दिवा लागतो. किल्ला पाहून परतणारा माणूस 'तिथे अजून लोक राहतात' हे आवर्जून सांगतो, कारण त्याला तेच नवल वाटलेलं असतं. त्या माणसांना उठवून तिथे उत्तम सजवलेल्या खोल्या केल्या तर किल्ल्याची शोभा वाढेल का? कोणीही नाही म्हणेल. मग हाच न्याय किनाऱ्यावरच्या गावाला लावायला आपण कां-कूं करतो.

मात्र राहत्या घरात खोली भाड्यानं देण्याची किंमत घरच्या माणसांनाही मोजावी लागते, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मालवणात मी गेली कैक वर्षं ज्या घरी उतरतो, त्या घरच्या वहिनी कर्जाच्या काळापासूनच्या ओळखीच्या. एकदा घावणे वाढता वाढता त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्या चेडवाक मे महिन्यात ये म्हणूक जमणा नाय." मुलगी ठाण्याला दिलेली. तिच्या मुलांना सुट्टी मेमध्येच, आणि मेमध्येच खोल्यांना सगळ्यांत जास्त भाव. लेक-नातवंडं आली तर दोन आठवड्यांचं भाडं गेलं. म्हणून लेकीनं जूनमध्ये यायचं, शाळा सुरू व्हायच्या आधीचे चार दिवस, धो धो पावसात. आंबे तोवर संपलेले. वहिनींच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेबच होता, पण ऐकल्यावर मला घावणा गोड लागला नाही.

पाहुणा हा शब्द आपल्याकडे लेकीच्या सासरच्यांसाठी होता, व्याह्यांसाठी होता, मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठी होता. मालवणात आता 'पावणे इले' म्हणजे पैसे देणारे आले. शब्दांचे अर्थ बदलतातच; त्यावर अश्रू ढाळणं हा माझा धंदा नाही. एवढंच वाटतं की ज्या घरात लेकीची जागा आपल्याला मिळालेली आहे, तिथे उतरल्यावर टॉवेल जरा पिवळट दिसला म्हणून फोनवर एकच तारा देऊन मोकळं होऊ नये.

नाशिककरांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. रामकुंडावर येणारा यात्रेकरू पूर्वी आपल्या तीर्थोपाध्यायांच्या पंचवटीतल्या वाड्यातच उतरायचा. उपाध्ये नामावळी काढून त्याच्या पणज्याची सही दाखवायचे, आणि निघताना त्यानं आपलं नाव त्याखाली लिहायचं. दक्षिणेवरून कटकटी व्हायच्या. सगळं काही सात्त्विक नव्हतं. पण उतरणाऱ्याला घर ठाऊक असे आणि घराला उतरणारा. त्याच गावात दुसरं टोकही आपण पाहिलं. भाडे नियंत्रण कायद्यानं गोठवलेलं पाच-दहा रुपये भाडं, तीन पिढ्या न हललेले भाडेकरू, दुरुस्तीला हात न लावणारे मालक, आणि दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठे ना कुठे कोसळणारा वाडा. कधीच न जाणारा भाडेकरू आणि रोज सकाळी अकराला खोली सोडणारा भाडेकरू, दोघांच्याही हातून घर जाऊ शकतं. पहिल्यानं आमचे वाडे गेले. दुसरा आता दाराशी उभा आहे.

यावर उपाय अवघड नाही, कारण कागदावर तो आधीच आहे. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहरी योजनेत अट आहे की, मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे आणि भाड्याच्या खोल्या सहांपेक्षा अधिक नसाव्यात. ही अट ज्यानं घातली त्याला विषय कळला होता. पण एखाद्या योजनेत नोंदणी करणाऱ्यालाच ती लागू होते. ज्याला फ्लॅट कुलूपबंद ठेवून फोनवर भाड्यानं द्यायचा आहे, तो त्या योजनेच्या वाटेला जाईलच कशाला? म्हणून माझं म्हणणं असं की, नगरपालिकांनी स्वतःच फरक करावा. मालक राहत असेल तर घरपट्टी घराची, नोंदणी एका पानाची, तपासणी वर्षातून एकदा, आणि सामायिक घराला कर्ज देताना बँकांनी सहहिस्सेदारांच्या सह्यांचा घोळ थोडा सैल सोडावा. मालक राहत नसेल तर तो व्यवसाय आहे. पट्टी व्यवसायाची, पाणी व्यवसायाच्या दरानं. मालमत्ता आपली, वाटेल ते करू, असं यावर कोणी म्हणेल. करावं की, पण विहीर, गटार, पाखाडी आणि कचऱ्याची गाडी मालमत्तेच्या हद्दीबाहेर असते.

भाच्याच्या तक्रारीतही तथ्य आहे, हे नमूद करतो. काही घरांत अगत्याचा जाच होतो. जेवताना शेजारी उभं राहून 'अजून एक पोळी' म्हणणारे, रात्री किती वाजता आलात ते विचारणारे, लग्न होऊन किती वर्षं झाली, मग मूल का नाही, इथवर पोचणारे यजमान मी पाहिले आहेत. दाराला आतून कडी हवी आणि ती लावायचा पाहुण्याला अधिकार हवा. तेवढं मालवणातही कळू लागलं आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आपल्याकडे हीच वेळ यायची आहे. रामकुंडापासून चालण्याच्या अंतरावरच्या दोन खोल्यांना पर्वणीच्या दिवसांत किती भाव येऊ शकतो, याचे आकडे ओट्यांवर बसून लोक मोठमोठ्यानं बोलतात. घरच्या माणसांनी दोन रात्री गच्चीवर झोपून खोली यात्रेकरूला दिली तर ती नाशिकची जुनी रीतच झाली. पण राहतं बिऱ्हाड उठवून, पार्टिशनं ठोकून, त्याच घरात चाळीस गाद्या टाकणारे आणि पर्वणी झाल्यावरही त्या तशाच ठेवणारे निघतील. या दोघांची नोंद महापालिकेच्या वहीत एकाच रकान्यात होणार की वेगवेगळ्या, ते पहिली गादी पडायच्या आत ठरवावं लागेल.